चुना कोणी भिजवला

परभणीच्या सरकारी दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मारोतराव, तुमच्यासारखा पेशंट मला पुन्हा भेटायचा नाही. जमलं तर लिहून ठेवा. पाण्यात उतरणाऱ्या कोणाच्या तरी कामी येईल." मी मॅट्रिकला दोनदा आपटलेला माणूस, पण अक्षर बरं आहे, आणि घरी बसून राहायची सवय आजारानं लावलीच होती. वही आणली. पहिल्या पानावर 'माझा आजार' असं लिहिलं आणि वही आठ महिने पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली.

कारण डॉक्टरांना जे पाहिजे होतं ते चार ओळींत संपतं. तोंडाला नळी लावून आणि छातीवर पिशवी बांधून पाण्यात उतरणार असाल, तर चुन्याचा डबा आपल्या हातानं भरा. दुसऱ्यानं भरला असेल तर त्याला मागून हात लावू नका. आणि लावलाच, तर दहा माणसांना ओरडून सांगा. झालं. बाकीची पानं लाजेची आहेत, आणि ती लिहिल्याशिवाय या चार ओळी कोणाला खऱ्या वाटायच्या नाहीत.

*

माझं गाव झरीच्या अलीकडं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. घरातले देव गेले, माझं मारोती हे नाव मात्र शाळेच्या दाखल्यावर राहून गेलं. विहारात अजून चिडवतात.

माझा धंदा पाणबुड्याचा. दुष्काळानंतर आमच्या भागात विहिरी खोल गेल्या, त्यांच्यावर मोटारी बसल्या. मोटारीच्या पाइपाच्या टोकाला एक झडप असते, फुटव्हॉल. आमचे शेतकरी त्याला बिनदिक्कत 'फुटबॉल' म्हणतात. तो फुटबॉल गाळात अडकला की मला बोलावणं यायचं. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीचा काठ शिवू देत नव्हते; कोणी वरून ओतलं तर त्यांनी ओंजळ धरायची. त्याच विहिरीच्या तळाशी बुडी मारायला नातवाला सायकलवरून निरोप यायला लागला. लोक मला पाण्यात उतरताना बघायचे आणि तेच पाणी संध्याकाळी प्यायचे. मला त्याची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही आला होता.

पाण्यात उतरणाऱ्याचा जीव दोर धरणाऱ्याच्या हातात असतो. माझा दोर गफूरचाचा धरायचे. पन्नाशीचे, परभणीतच जन्मलेले, विहिरी खोदणाऱ्या टोळ्यांत तीस वर्षं दोर धरलेले. दोर हातात आला की ते कोणाशी बोलत नसत. पान आधीच गालात भरून ठेवायचे, म्हणजे मध्ये हात मोकळा करावा लागू नये. ओठ सदा लालभडक. मी पाण्यातून वर यायचो तेव्हा काठावर आधी ते लाल ओठच दिसायचे आणि जिवाला बरं वाटायचं.

*

आमच्या जिल्ह्यातल्या एका धरणावर काम निघालं. दरवाज्यांपुढच्या लोखंडी जाळ्यांत झाडंझुडपं अडकली होती, ती कापून काढायची होती. ठेकेदार मुंबईकडचा, पूर्वी जहाजावर काम केलेला. त्यानं भंगारबाजारातून बुडी मारायची तीन जुनी यंत्रं आणली होती. मला आणि चाचांना ती त्यानंच शिकवली, आणि चांगली शिकवली, हे आधीच सांगतो.

त्या यंत्राची खुबी अशी की आपण सोडलेला श्वास बाहेर जातच नाही. बुडबुडा नाही, आवाज नाही. छातीवर रबरी पिशवी, तिला ऑक्सिजनची लहान बाटली. सोडलेली हवा एका डब्यातून जाते. डब्यात पांढरे खडे असतात, ते हवेतलं विष खातात, आणि तीच हवा आपण पुन्हा ओढायची. म्हणजे आपलंच उष्टं आपण खायचं. बाटली हाताएवढी, पण तासभर पुरते.

ठेकेदार साहेबांनी आमच्याकडून तीन गोष्टी घोकून घेतल्या. एक, चार परसाच्या खाली जायचं नाही. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आमच्याकडं विहिरीची खोली अशीच मोजतात. चार परसाखाली तोच ऑक्सिजन माणसाला झटके आणतो, तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. दोन, दर बुडीला खडे नवे भरायचे. वापरलेले आणि नवे दिसायला सारखे, पण वापरलेल्यांची भूक संपलेली असते. मग गुंगी येते, आणि ज्याला येते त्याला ती कळत नाही. तीन, डब्यात पाणी जाता कामा नये. खडे भिजले की त्यातून निघणारं पाणी घसा जाळतं.

खड्यांना साहेबांच्या कागदावर लांबलचक नाव होतं. चाचांनी पहिल्याच दिवशी एक खडा बोटांत चुरडला, वास घेतला आणि म्हणाले, "अरे, ये तो चुना हाय." तेव्हापासून धरणावर सगळे त्याला चुनाच म्हणू लागले, साहेबसुद्धा. नाव घरचं झालं तशी माझी भीती गेली. चुन्याला काय भ्यायचं? माझी माय दिवसातून आठ वेळा तंबाखूला तो लावते.

*

चुना भिजला त्या दिवसाच्या आदल्या सकाळी घरी भांडण झालं. माझी बायको कौसा. तिच्या भाच्याचं बारसं देवगाव फाट्याजवळच्या गावात होतं. मी म्हणालो, काम आहे, येत नाही. खरं तर तिच्या भावाशी माझं जमत नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. ती म्हणाली, "मंग जावा त्या पाण्यात. तितंच ऱ्हावा, वर येऊच नका." रागात माणूस बोलतो तसं बोलली. मी चपला घातल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी चाचांनी डबा भरून शेडमध्ये ठेवला आणि ते दोर तपासायला काठावर गेले. मी यंत्र अंगावर चढवून दोन श्वास ओढून बघितले. घशाला धूळ लागली, ठसका आला. पिंपातला चुना तळाचा होता, भुगाच जास्त. चाचांना एक हाक मारली असती तर त्यांनी चाळून पुन्हा भरला असता. ते पन्नास पावलांवर होते. मी हाक मारली नाही, डबा उघडला. आत सगळं कोरडं ठक्क, भुकटी उडाली.

आणि मला मायची चुनाळी आठवली. तंबाखूच्या चुन्याची ती पितळी डबी. उन्हाळ्यात त्यात चुना वाळून खडखडीत झाला की माय बोटानं दोन थेंब पाणी सोडते, घोटते, आणि चुना पुन्हा कामाचा होतो. आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट. मला वाटलं, असा वाळलेला चुना काय विष खाणार? शेडमध्ये तांब्या होता. मी दोन थेंब नाही, चांगलं ओंजळभर पाणी शिंपडलं. भुकटी बसली. झाकण लावलं, पुन्हा श्वास घेऊन बघितला. धूळ नाही, हवा गार. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं. साहेबांचं तिसरं कलम धरणाच्या पाण्याबद्दल आहे, तांब्यातल्या पाण्याबद्दल नाही, अशी मी माझी समजूत घातली.

तीन परसावर बराच वेळ काम छान चाललं. मग जाळीच्या खालच्या अंगाला एक बाभळीचं खोड दिसलं. ते कापायला मी डोकं खाली आणि पाय वर केले. नळीतून तोंडात काहीतरी आलं. आधी गुळगुळीत, साबणासारखं. मग कडू. मग आग. तोंडात नळी असल्यामुळं थुंकायला जागा नाही. थोडं गिळलं, थोडं श्वासाबरोबर आत गेलं. दोराला चार हिसके म्हणजे वर घ्या, असं ठरलेलं होतं. मी किती दिले मला माहीत नाही.

चाचांनी मला कसं ओढलं ते लोकांनी नंतर सांगितलं. त्यांच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली. काठावर घेतल्याबरोबर त्यांनी घागर उचलली आणि माझ्या तोंडावर पाणी ओतायला सुरुवात केली. "थुक बेटा, थुक! फिर से! गिळू नको, थुक!" डॉक्टर पुढं म्हणाले की त्या घागरीनंच माझा घसा वाचला.

*

जीपनं परभणीला नेलं. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात तोंड बघितलं. ओठ सुजलेले, जीभ पांढरी पडलेली, लाळ गळतेय, आवाज नाही. विष घेतलेल्यांची अशी तोंडं त्यांनी आधी पाहिली होती. "काय प्यालास?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "घरात भांडण झालं होतं का?" आता मला मान हलवता येईना, कारण झालं होतं. चाचा दारात उभं राहून कळवळून सांगत होते, "चुन्याचं पाणी गेलं साहेब, चुन्याचं पाणी!" त्यामुळं तर डॉक्टरांची खात्रीच पटली.

हवालदार वही घेऊन आला. कौसा बारशाच्या घरून तशीच एस.टी.नं निघाली होती, अंगावर नवं लुगडं. ती दारात आली आणि हवालदारानं तिलाच विचारलं, बाई, घरात काही बोलाचाली?  "मीच मनले," ती म्हणाली. "वर येऊ नका, असं मीच मनले त्यान्ला. साहेब, मला न्या. त्यांचा काई दोष न्हाई." मी खाटेवरून दोन्ही हात हलवत होतो. कोणी माझ्याकडं बघेना.

मग ठेकेदार साहेब यंत्र घेऊन पोचले. त्यांनी डबा उघडून डॉक्टरांना दाखवला. आत चुन्याची लापशी झाली होती. डॉक्टरांनी ती काडीनं ढवळून बघितली आणि मग कौसाला समोर बसवून नीट सांगितलं. तोंड आणि घसा भाजलाय, तो भरून येईल. पण ते पाणी फुप्फुसात गेलंय. तिथं सूज येणार, ताप येणार. आठ दिवस काढले तर माणूस तुमचा.

कौसा उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या दंडावर तिनं एक सणसणीत चापट मारली. "मला वाटलं मीच मारलं तुमाला," ती म्हणाली, आणि मग खूप रडली. सगळ्या दिवसात मला बरं वाटलं ते त्या चापटीनं.

*

तिसऱ्या दिवशी सिस्टरनं मुलांच्या वॉर्डातून पाटी आणि पेन्सिल आणून दिली. मी लिहिलं, 'पाणी'. सिस्टर केरळच्या, त्यांना मराठी वाचता येईना. त्यांनी पाटी उलटी धरली, सुलटी धरली आणि शेवटी लघवीचं भांडं आणून दिलं. आजारातलं माझं ते पहिलं हसू, आणि त्यानं छातीत अशी कळ आली की पुन्हा हसायचं नाही असं मी ठरवलं.

त्याच दुपारी साहेब आले. चाचा त्यांच्या मागं, दोन्ही हातांना पट्ट्या. साहेब म्हणाले, "मारोती, मी डबा तपासला. भोक नाही, झाकण ठीक आहे. आत पाणी गेलं कसं? डबा कोणी भरला होता?"

पाटी माझ्या पोटावर होती. मी लिहिलं, 'गफूरचाचांनी.'

यात एक अक्षर खोटं नव्हतं. डबा त्यांनीच भरला होता. साहेबांनी भरला कोणी हे विचारलं, नंतर उघडला कोणी हे विचारलं नाही. असं मी मनाशी म्हणत राहिलो. 'पाणी मी घातलं' हे तीन शब्द पाटीवर मावले असते. पण मग साहेबांनी, डॉक्टरांनी, वॉर्डातल्या सगळ्यांनी मला मूर्ख म्हटलं असतं. मरायला टेकलेला माणूस खरं बोलतो म्हणतात. मी टेकलो होतो, आणि तेव्हाही मला हुशार म्हणूनच मरायचं होतं.

साहेब चाचांकडं वळले. "तुझे हात ओले होते का?" चाचांनी पट्ट्यांतल्या हातांकडं बघितलं. ते बराच वेळ आठवत होते. मग म्हणाले, "सकाळी वजू करून आलो होतो साहेब. बाही वली असंल. असंल माझ्याच हातानं." नमाजाआधी हातपाय धुतात, त्याला वजू म्हणतात. त्या धुतलेल्या हातांवर त्यांनी स्वतःच आळ घेतला. साहेबांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. मी पाटी पुसली.

*

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. सकाळी झाडू, मग इंजेक्शन, मग डॉक्टर, मग परत इंजेक्शन. नाकाला ऑक्सिजन, धरणावरच्या बाटलीचीच थोरली बहीण उशाशी उभी. चार वाजले की ताप चढायचा आणि छातीत पाणी भरल्यासारखं व्हायचं. विहिरीच्या तळाशी मला कधी भीती वाटली नाही. इथं पंख्याखाली, माणसांत, प्रत्येक श्वासाला वाटायचं की पुढचा येतो का नाही. हे ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना एवढंच सांगतो की भीती लपवू नका. मी कौसाचा हात घट्ट धरायचो आणि ती काही न विचारता तो तसाच राहू द्यायची.

पाण्याचा घोटसुद्धा काचेसारखा जायचा. सिस्टर दुधाचा पेला माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून गार करायच्या आणि चमच्यानं पाजायच्या. त्यांच्यावर चाळीस खाटा होत्या. तो चमचा मी विसरणार नाही.

चाचा रोज यायचे. घरून पातळ खीर आणायचे, कपड्यानं दोनदा गाळलेली. "शेवया काढून टाकल्या, घे, नुसतं दूध हाय." खाटेच्या पायथ्याशी बसायचे. पान खायचे, पण काहीतरी वेगळं दिसायचं आणि मला ते चार-पाच दिवस उमगलं नाही. मग कळलं. त्यांचे ओठ पांढरे होते. चुन्याशिवाय पान रंगत नाही. चाचांनी चुना सोडला होता. कौसानं विचारलं तर म्हणाले, "ज्यानं पोराचा गळा जाळला त्ये माझ्या तोंडात कशाला?" मी डोळे मिटून घेतले. झोप लागली असं त्यांना वाटलं असावं.

माय एकदा आली. खाटेशी बसली, कनवटीची चुनाळी काढली, बोटानं दोन थेंब पाणी सोडलं आणि घोटता घोटता चाचांना शिव्या दिल्या. मी भिंतीकडं तोंड केलं.

शेजारच्या खाटेवरचा पाटील एका दिवशी चाचा गेल्यावर म्हणाला, "असल्यांच्या हातात जीव कामून द्यायचा म्हणतो मी. त्यांच्या हाताचं काई खरं न्हाई." तोवर माझा आवाज थोडा फुटायला लागला होता, काहीतरी बोलता आलं असतं. ज्याच्या आजोबाच्या हातानं पाणी बाटतं असं हीच तोंडं म्हणायची, त्यानं 'त्यांच्या हाताचं' हे शब्द ऐकले आणि वर चादर ओढून घेतली. त्या आजारात मी जे जे केलं त्यात याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

*

कौसाला मी पाचव्या आठवड्यात सांगितलं. ठरवून नाही. ती म्हणाली, "चाचा आले की तुमी त्यांच्याकडं बघत कामून न्हाई? त्येनी मुद्दाम केलं का?" आणि मी त्या घोगऱ्या आवाजात सांगून टाकलं. पाणी मी घातलं. ओंजळभर.

ती खाटेच्या कडेला बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी मला वाटलं की माझ्या बोलण्यानं तुमी गेले. एकाच संध्याकाळी उतरलं माझ्या डोक्यावरून. तेवढ्यात मी मेले व्हते. त्यांच्या डोक्यावर किती दिवस ठिवणार हाव?"

मी म्हणालो, तूच सांग त्यांना.

"मी न्हाई. तुमचं तुमी सांगा."

त्यानंतर चाचा दोनदा आले आणि मी सांगितलं नाही. सुट्टी मिळाली, घरी आलो, तरी सांगितलं नाही. आधी म्हटलं, आवाज सुधारू दे. मग म्हटलं, धरणाचं काम संपलं, साहेब मुंबईला गेले, आता सांगून काय होणार? मग शेंगा काढायच्या होत्या. न सांगायला कारण कधी कमी पडत नाही. कौसा माझ्याशी कामापुरतं बोलायची. भाकरी दुधात कुस्करून पुढं ठेवायची आणि उठून जायची.

आठ महिन्यांनी एक मुकादम घरी आला. विहिरी खोदणारी टोळी त्याची, फुटबॉल काढायला पाणबुड्या पाहिजे होता. मी म्हणालो, माझ्याच्यानं आता बुडी होत नाही. पण दोर धरायला गफूरचाचांना न्या. तो हसला. "गफूर? त्याच्या हातात आता कोण दोर देतो? तुमालाच मारत व्हता की. खाटांच्या सुतळ्या वळायलाय बिचारा."

तीस वर्षं ज्यांनी दोर सोडला नाही, ते दुसऱ्यांच्या झोपायच्या खाटांना सुतळी वळत होते. मुकादम चहा पिऊन गेला. कौसा चुलीपाशी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. 

*

परभणीच्या बाजाराच्या दिवशी टोळ्यांचे मुकादम एका लिंबाखाली जमतात. माणसं तिथंच ठरतात. मी गेलो तेव्हा पंधरा-वीस जण होते. चाचा थोडे बाजूला, भिंतीला टेकून सुतळीची गुंडाळी विकायला बसले होते. मला बघून उठले. "आ गया बेटा? तब्येत बरी हाय का?" ओठ तसेच, पांढरे.

मी त्यांना एकट्याला सांगायचं असं घरून ठरवून निघालो होतो. पण आळ लिंबाखाली पसरला होता, तो भिंतीपाशी कुजबुजून कसा पुसायचा? मी मधे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "धरणावर चुना मी भिजवला होता."

माझा आवाज तुम्हाला माहीत नाही. फुटक्या भोंग्यासारखा आहे, बाजारात दोन हातांवर ऐकू जात नाही. कोणीतरी ओरडलं, "काय मनता? मोठ्यानं बोला!"

"चुना मी भिजवला."

"काय भिजवला?"

"चुना!" मी जमेल तेवढा ओरडलो. घशातून रक्त येईल असं वाटलं. "चाचांनी डबा बरोबर भरला व्हता. त्यांच्या माघारी मी उघडला. मीच पाणी घातलं आन् नाव त्यांचं सांगितलं."

 मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजी यानं आपल्या समद्यांनाच चुना लावला की!" आणि हशा पिकला. मी मान खाली घालून उभा होतो. तो हशा मला गोड लागला नाही, पण माझ्याच हक्काचा होता. घरी आलेला तो मुकादम हसत नव्हता. तो चाचांकडं बघत म्हणाला, "चाचा, सोमवारी आमच्या विहिरीवर येता का?"

 चाचा खाली बसले. कमरेची चंची सोडून त्यांनी एक पान काढलं, मांडीवर पुसलं. मग चंचीच्या तळातून चुनाळी काढली. आलेल्यागेलेल्यासाठी ठेवली असावी. ती उघडून त्यांनी माझ्यापुढं धरली. आतला चुना वाळून त्याला तडे गेले होते.

"सुख गया हाय," ते म्हणाले. "पानी डाल. तुला येतंय की."

मी शेजारच्या पाणीवाल्याच्या घागरीत बोट बुडवलं. दोन थेंब सोडले, दोनच. घोटलं. चाचांनी पान पुढं केलं आणि मी त्याला चुना लावला.  चाचांनी सुपारी, कात टाकून पान दुमडलं आणि तोंडात घातलं. सगळे बघत होते. हळूहळू त्यांच्या ओठांच्या कडा लाल झाल्या.

मग त्यांनी तोंड वाकडं केलं. "ज्यादा हुआ चुना," ते म्हणाले. त्यांची जीभ भाजली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. मी थुंका म्हणालो. ते थुंकले नाहीत. ते पान त्यांनी पूर्ण चावलं, आणि माझ्याकडं न बघता मुकादमाला विचारलं, "विहीर किती परसाची हाय?"